मागे माणूस बसत नाही

गादीताईला राग यायला फार काही लागत नसे. जाड दोरा वेळेवर आला नाही तरी तिचा पारा चढे आणि गिऱ्हाईक 'सावकाश करा, घाई नाही' म्हणालं तरी चढे, कारण असं म्हणणारा माणूस दुसऱ्या सकाळी दारात उभा असतो हे तिला अनुभवाने माहीत होतं. पण त्या रविवारी आलेला राग वेगळ्या जातीचा होता. तो आला तेव्हा ती बसलेली होती आणि तिला उठता येत नव्हतं. उभ्या माणसाचा राग हातापायांतून निघून जातो. बसलेल्याचा आतल्या आत शिजत राहतो.

ती बसली होती गाडीत, मागच्या सीटवर. लांब नाकाची, बसक्या छपराची, चार जणांची पण दोनच दारांची गाडी. एकेकाळी कुण्या श्रीमंताची होती. त्याने ती खांबावर घातली, ठोकायला म्हणून गादीताईच्या घरच्या शेडमध्ये आणून टाकली आणि तो परदेशी निघून गेला तो गेलाच. जाताना कागद तेवढे गादीताईच्या नवऱ्याच्या नावावर करून दिले. भंगारच होतं ते. नवऱ्याने काही वर्षं फावल्या वेळात गाडीचं तोंड ठोकून ठोकून सरळ केलं. पण ड्रायव्हरची सीट अपघातात जी वाकली ती पुढे कलायचं कायमचं विसरली. त्यामुळे मागच्या माणसाला आत-बाहेर करायचं तर डाव्या बाजूच्या सीटवरच्याने आधी उतरायचं. आणि त्या सीटवर बसत सासूबाई. त्यांचा गुडघा एकदा वाकला की लवकर सरळ होत नसे. म्हणजे गादीताईने गाडीतून कधी उतरायचं हे सासूबाईंचा गुडघा ठरवायचा.

पेट्रोल पंपामागच्या मैदानावर दर रविवारी गाड्यांच्या शौकिनांचं मंडळ जमे. त्या दिवशी काचेशी दोन जण वाकले होते. एक वकील, मंडळाचा मुख्य. दुसरा औषधांच्या दुकानाचा मालक. वकिलाची स्वतःची गाडी दोन सीटची, बिनछपराची. औषधवाल्याकडे तसली कुठलीच गाडी नव्हती, एक घ्यायची होती, म्हणून तो आधीपासून वाद घालून ठेवत होता.

"माझं एकच म्हणणं आहे," वकील म्हणाला, "मागची सीट कशाला? मागे माणूस बसतच नाही."

"का नाही बसत? चार जणांची गाडी आहे. सामान घ्या, घरचे घ्या आणि मनात आलं की वाऱ्यासारखी सोडा. रोज वापरता येते हेच तर तिचं मोठेपण."

"रोज तर मी चपलाही वापरतो. त्यांना कुणी स्पोर्ट्स कार म्हणत नाही. ऑटोमॅटिक गिअर, मऊ स्प्रिंगा, मागे सोफा. ही पळणारी बैठकीची खोली आहे हो!"

"आणि तुमची? तुमची तर ट्रकच्या पाठीवर बसून मैदानात येते. तिला गाडी म्हणायचं की प्रवासी?"

भोवतीचे हसले. वकिलाला ते झोंबलं. त्याने उघड्या काचेतून हात आत घातला आणि पुढच्या सीटच्या पाठीपासून गादीताईच्या गुडघ्यापर्यंत वीत टाकली.

"हे बघा. वीतभर जागा नाही. इथे माणूस पाय कुठे ठेवेल?"

"हात बाहेर काढा," गादीताई म्हणाली.

वकील दचकला. "अरे! वहिनी आहेत का आत?"

"नाही. पिशवी आहे."

पुन्हा हशा पिकला. पुढे बसलेल्या सासूबाईही हसल्या, ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं. औषधवाल्याने संधी साधली. "बघा! बसल्यात की नाही वहिनी? कशा ऐसपैस, आरामात! वहिनी, सांगा यांना."

"काय सांगू? कंबर धरलीय माझी. मला आराम आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साक्षीदार फुटला!" वकील ओरडला.

"मी कुणाची साक्षीदार नाही. दोघेही काच सोडा, वारा येऊ दे."

काच सोडली त्यांनी, पण चार पावलं बाजूला होऊन वाद तोच. तिच्या पायांचा, तिच्या मानेचा, तिच्या बुडाखालच्या फोमचा. ज्यांच्या तोंडाला फेस आला होता त्यांतला एकही जण त्या सीटवर कधी टेकलेला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तकही छपराला टेकलेलं.

ती सीट तिने स्वतः केली होती. बाप गाद्या भरायचा, त्यामुळे लहानपण कापसाच्या ढिगात शिंकण्यात गेलं. लग्न होऊन आली ती पत्र्याच्या शेडमध्ये. पुढच्या अर्ध्यात नवऱ्याचा हातोडा, म्हणून बाजार त्याला ठोक्या म्हणे. मागच्या अर्ध्यात हिचं जाड शिलाईचं मशीन, म्हणून ही गादीताई. पुढे ठोक ठोक, मागे टर्र टर्र. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नसे. ट्रकवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांचे पार्श्वभाग तिने ओळखून ठेवले होते. कोण डावीकडे कलून बसतो, कोण पाकीट मागच्या खिशात ठेवतो, हे ती फाटलेल्या गादीवरून सांगे. फोम कापताना ती मोजपट्टी हातात धरत नसे. गिऱ्हाइकाला बसवायची, कापायची, पुन्हा बसवायची. 'बसून बघा' हा तिच्या तोंडातला दिवसभराचा शब्द.

या गाडीच्या मागच्या सीटच्या वेळी बसून बघायला कुणी नव्हतं. नवरा गाडीखाली आडवा, सासूबाईंचा गुडघा तो तसा. मग तीच बसायची, डोकं आपटायचं, उतरून बोटभर फोम कापायची, पुन्हा बसायची. असं करत करत एक खळगा तयार झाला, तिच्याच मापाचा. सिंहासन नव्हतं ते. वळणावर कंबर धरायची, काचेतून अर्धंच आभाळ दिसायचं. पण रविवारी तिथे बसलं की हातात सुई नसे आणि मागून कुणी 'झालं का?' म्हणून विचारत नसे, कारण मागे कुणी नसेच. तेवढ्यासाठी ती येत असे.

आता मंडळाची मत द्यायची एक रीत होती. झाकणाला भोक पाडलेला तेलाचा रिकामा डबा फिरवायचा. एखादी गोष्ट हवी असेल तर त्यात नट टाकायचा, नको असेल तर वायसरची चकती. त्या दिवशी वकिलाने मांडलं की पुढच्या रविवारी मैदानात रांगा लावून तिथूनच डोंगराच्या रस्त्याला सगळ्यांनी जायचंय, पहिल्या रांगेत फक्त खऱ्या गाड्या. ठोक्याची गाडी पळते चांगली, याबद्दल वाद नाही. तिची मागची सीट काढली तर तिलाही पहिल्या रांगेत घ्यावं.

ठोक्याचा जीव त्या पहिल्या रांगेत अडकला होता. मंडळातल्या प्रत्येक गाडीचा पोचा त्यानेच काढलेला, पण स्वतःची गाडी लावायची मैदानाच्या टोकाला, नळापाशी, जिथे सगळे हात धुवायला येत.

डबा फिरला. गादीताई आतच. पत्र्यावर पडणाऱ्या नटांचा टणटण आवाज तिला ऐकू येत होता. थोड्या वेळाने औषधवाला पडेल चेहऱ्याने काचेपाशी आला.

"वहिनी, हरलो. एका नटाने गेली सीट."

"माझ्या नवऱ्याने काय टाकलं?"

"मी बघितलं नाही."

"बघितलं नसतं तर माझ्याकडे बघून बोलला असता. बुटाकडे कशाला बघताय?"

गाडी परतीच्या वाटेला लागली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, "नट टाकलात ना?"

ठोक्याने आरसा जरा वर केला, म्हणजे बायकोचे डोळे दिसायला नकोत. "आपली गाडी आहे. आपल्या गाडीचं आपण ठरवायचं."

"आपली म्हणजे कुणाची?"

"घरी जाऊन भांडा," सासूबाई म्हणाल्या. "मी मधे बसलेय. माझ्या कानातून भांडू नका."

घरी गेल्यावर ठोक्या समजुतीच्या सुरात आला. हा सूर तो गिऱ्हाइकाला 'रंग थोडा वेगळा येईल' हे सांगताना काढत असे.

"एका रविवारचा तर प्रश्न आहे गं. डोंगरावर उन्हात तू येऊन करणार काय? पुन्हा लावू की."

"लावणार कोण?"

"तूच. तुझ्या हाताला सगळ्या क्लिपा पाठ आहेत. आणि हो, काढायचीसुद्धा तूच काढ. माझ्याने कापड फाटेल. तुझ्यासारखं काम बाजारात कुणाला जमत नाही."

त्याला खरोखर वाटलं की आपण बायकोचं कौतुक केलं. चहा पिऊन तो निवांत झोपला. गादीताई मात्र आठवडाभर धुमसत राहिली. एका ट्रकवाल्याची सीट शिवताना तिने इतक्या जोरात टाके घातले की तो म्हणाला, ताई, जन्मभर उसवणार नाही ही. ती म्हणाली, उसवायला मीच आहे ना सगळ्यांची हक्काची.

शनिवारी ठोक्या सकाळीच वकिलाच्या घरी गेला. वकिलाच्या गाडीचं दार चेपलं होतं आणि डोंगरावर जायच्या आत ते सरळ हवं होतं. जाताना सांगून गेला, "तेवढं सीटचं बघ."

तिने बघितलं. पाना घेतला, क्लिपा काढायची पट्टी घेतली, गाडीत शिरली. मागच्या दोन्ही सीटा सुटल्या. आपल्या मापाचा तो खळगा तिने उजेडात धरला. एवढा वेळ बसून केलेला, आणि ज्याने एकदाही बसून बघितलं नाही त्याच्या एका नटाने उडालेला. ती तशीच वाकून उभी राहिली. मग तिची नजर पुढे गेली. ड्रायव्हरची सीट. हीसुद्धा मीच शिवली. दारांची अस्तरं. मीच. पायाखालचा गालिचा, तोही.

सासूबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढची सीट फरफटत बाहेर आली तशा त्या सावरून बसल्या.

"अगं, पुढची का काढतेस?"

"गाडीचं वजन कमी करायचंय त्यांना."

"ही तर माझी!"

"शिवली मीच आहे, आई."

सासूबाईंनी ओढून काढलेली ती सीट काठीने चाचपली. सुनेच्या बाजूने बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला असावा. मग काठीने गाडीच्या आत दाखवत म्हणाल्या, "छताचं कापड राहिलं बघ."

संध्याकाळी वकील आपल्या दुरुस्त गाडीतून ठोक्याला सोडायला आला. सीट निघाली की नाही हे डोळ्यांनी बघायचं म्हणून औषधवालाही मागून आला. तिघांनी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तिघेही थबकले. गाडीत पत्रा आणि स्टिअरिंग यापलीकडे काही नव्हतं. सीटा, अस्तरं, गालिचे सगळं मशीनपाशी रचून ठेवलेलं, आणि त्या ढिगावर गादीताई हाताची घडी घालून बसलेली.

ठोक्याने ढिगाकडे बघितलं, मग गाडीकडे. बोलला तो वकील.

"वा! ही झाली खरी! बघा, कसा स्वच्छ पत्रा! काही झाकपाक नाही, काही लाड नाहीत. वहिनी, मानलं तुम्हाला!"

"मानलं काय?" औषधवाला कळवळला. "चार जणांची होती, आता एकाचीही राहिली नाही!"

"संख्येवर गाडी मोजायची तर बस घ्या."

"आणि बसायचंच नसेल तर विमानाचं चित्र लावा घरात!"

"बसू कुठे?" ठोक्याने विचारलं. कुणी ऐकलं नाही. "अहो, मी बसू कुठे?"

वकिलाचं डोकं तोवर गाडीत गेलं होतं. आतल्या पत्र्यावरून तो बोट फिरवत होता. "हा जोड कुणी मारला हो? गांडूळ सरपटल्यासारखा दिसतोय. आणि हे ठोके... छे छे. अस्तराखाली होतं ते ठीक होतं. पहिल्या रांगेत उघडं न्यायचं तर आतून काळा रंग मारून घ्या. लोक नाव ठेवतील."

त्या जोडासाठी ठोक्याने एक अख्खा उन्हाळा उताणा पडून काढला होता. ठिणगीने छाती भाजली होती, त्याचा डाग अजून होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काल-परवापर्यंत मागे माणूस बसत नव्हता," तो म्हणाला, "आता पुढेही बसवायचा नाही. आणि वर माझ्या हाताला नावं? सकाळपासून तुमच्या दारावर हेच हात आपटत होते, तेव्हा कुठे गेलं होतं हे गांडूळ?"

"अहो, तसं नव्हे—"

"तसंच आहे. निघा. दोघेही. तुम्ही वाद रस्त्यावर घाला."

"मी काय केलं?" औषधवाला म्हणाला.

"तुम्ही आधी गाडी घ्या, मग बोला."

ते गेले. ठोक्याने शेडचं दार ओढून घेतलं आणि बायकोकडे वळला. तिला वाटलं, आता हा क्षमा मागेल. पण क्षमा मागायची तर त्याला नट टाकला हे तोंडाने म्हणावं लागलं असतं. तो एवढंच म्हणाला, "सकाळी लावून दे सगळं."

तिला त्याची कीव आली नाही. उलट डोक्यात पुन्हा तिडीक गेली. याच्या जोडाला नाव ठेवलं तेव्हा याला दिसलं. माझी सीट उपटली तेव्हा दिसलं नाही. गेल्या रविवारच्या रागावर आजचा राग चढला आणि दोन्ही मिळून थंड झाले. थंड झालेला राग कामाला बरा पडतो.

"लावते," ती म्हणाली. "पण बसून बघायला माणूस लागेल. फोम काढला-घातला की जागा सोडतो."

त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. वर्षानुवर्षं ती हेच म्हणत आली होती. रविवारी सकाळी तिने आधी मागच्या सीटा ठोकून बसवल्या आणि म्हणाली, "बसा. खालून क्लिप बोलते का ते मला ऐकायचंय."

ठोक्या वाकून, पाय मुडपून, मान तिरकी करून आत शिरला आणि तिच्या मापाच्या खळग्यात बसला. तिचा खळगा, त्याचा सांगाडा. गुडघे हनुवटीला लागले.

"टोचतंय गं."

"कुठे?"

"सगळीकडे."

"बसून राहा. मी पुढचं लावते."

तिने पुढच्या सीटा ठेवल्या, बोल्ट आवळले. ड्रायव्हरची सीट तर कलणारी नव्हतीच. दुसरी सीट घट्ट झाली न झाली तोच सासूबाई काठी टेकत आल्या, हुश्श करून तिच्यावर बसल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"आई, उठ. मला बाहेर यायचंय."

"आता गुडघा वाकला रे बाबा. तिथे पोचल्यावर बघू."

गादीताई ड्रायव्हरच्या जागी बसली. किल्ली फिरवली.

"अगं, हे काय? तू चालवणार?"

"शेडमधल्या गाड्या आत-बाहेर कोण करतं? तुम्ही की मी? परवाना काय भिंतीला लावायला काढलाय?"

गाडी निघाली. डोक्यावर छताचं कापड नव्हतं, चार दोरे लोंबत होते, पण इंजिन खुशीत होतं. गादीताईने आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीतून समोरचा अख्खा रस्ता बघितला. पूल ओलांडल्यावर तिने पाय थोडा दाबला. लांब नाक जरा वर उठलं आणि मागून "अगं आई गं" असा आवाज आला.

"मला हाक मारलीस का रे?" सासूबाईंनी विचारलं.

मैदानावर आल्यावर ती नळाकडे वळली नाही. सरळ पहिल्या रांगेत शिरली आणि वकिलाच्या गाडीशेजारी, चुन्याच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे उभी राहिली. वकील हात हलवत धावत आला.

"नाही नाही, इथे नाही! सीट पुन्हा लावली तुम्ही? ठराव झालाय वहिनी, डब्यातून झालाय! पुन्हा सांगतो, त्या मागच्या सीटचा उपयोग काय? मागे माणूस—"

तो काचेशी वाकला आणि थांबला. आतून दोन गुडघ्यांच्या मधून ठोक्या त्याच्याकडे बघत होता.

"बोला," ठोक्या म्हणाला. "माणूस काय? बसत नाही? मग मी कोण आहे?"

मंडळातले गोळा झाले. औषधवाल्याचा चेहरा उजळला. "बघा! अहो ठोक्याशेठ स्वतः बसलेत! चांगला धिप्पाड माणूस आणि कसा ऐसपैस, आराम—"

"आरामाचं नाव काढलंत तर याद राखा!" ठोक्या आतून कडाडला. "माझा पाय गेलाय. कुठे गेलाय तेही कळत नाहीये."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच!" वकील म्हणाला.

"तुम्ही काय म्हणत होतात? तुम्ही बसला होतात कधी?"

"त्यासाठी बसायला कशाला हवं? दिसतंच आहे की." आणि वकिलाने खिडकीतून हात घालून ठोक्याच्या गुडघ्यापाशी वीत टाकली. "हे बघा, अर्धी वीतसुद्धा नाही."

"हात काढा!"

पण वीत सगळ्यांना बघायची होती. कुणी म्हणालं मान बघा, कुणी म्हणालं उंची जास्त आहे हा गाडीचा दोष नव्हे, कुणी म्हणालं लहान मुलांना पुरेल. ठोक्याच्या डोक्यावरून वाद सुरू झाला. गेल्या रविवारचाच, शब्दही फारसे न बदलता.

"आई," ठोक्या हळूच म्हणाला, "उठ ना गं."

"गुडघा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

गादीताईने आपलं दार उघडलं. पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि कुणाच्या गुडघ्याची वाट न बघता त्या मैदानावर ताठ उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून मागे वाकली. हाडं मोकळी झाल्याचा आवाज तिचा तिलाच आला. दार लावून ती चहाच्या टपरीकडे निघाली तेव्हा मागच्या बारक्या काचेवर टकटक झाली. ठोक्या आतून हात जोडून काहीतरी सांगत होता. त्याच्यामागे, गर्दीत, कुणीतरी तेलाचा डबा खडखडवत आणत होतं.

ती परत आली. काचेशी वाकली, तशी वाकायची तिथली पद्धतच होती.

"बसा जरा," ती म्हणाली. "काय काय म्हणतात ते ऐकून घ्या. डबा आला की आत काय टाकायचं ते मग ठरवा."